लाल रेषेवरचा देव

“ताई, या दगडाच्या खाली, नदीच्या अंगाला घर बांधू नका,” मोजणीला आलेल्या साहेबांनी बजावलं, तेव्हा क्रांती हसली होती. “अहो, धरण राहिलं तिकडं साताऱ्याच्या डोंगरात, आम्ही इकडं सांगलीच्या अंगाला. एवढ्या लांबून कशाचं पाणी येतंय?” आणि तिच्या घराचं जोतं माझ्या खालीच उभं राहिलं.

मित्रांनो, तो दगड मी. तसा मी फार जुना नाही. साच्यात ओतलेलं सिमेंट. वरचं धरण कधी फुटलंच, तर पाणी कुठवर चढेल, याचा हिशेब करत मोजणीची माणसं नदीकाठानं हिंडली. जिथवर चढेल, तिथं त्यांनी मला पुरलं, माझ्यावर लाल रेषा ओढली आणि उंचीचा आकडा लिहिला. माझ्या खालच्यांनी इशारा मिळताच वर निघायचं, एवढंच माझं सांगणं.

पुढे कृष्णेला पूर आला. तो नेहमीचा, पावसाचा. धरण शाबूत होतं. पाणी खालच्या घरांच्या उंबऱ्याला लागून ओसरलं. क्रांतीचे सासरे बाळासो मला हात जोडून म्हणाले, “ह्यानंच अडिवलं गड्या पाणी!”

झालं. अमावास्येला माझ्यावर शेंदूर चढला. रेषा बुजली, आकडा बुजला. ज्यानं भीती दाखवायची, त्याचाच लोकांना आधार वाटू लागला. माझ्या खाली आणखी घरं उठली.

यंदा सराव ठरला. भरदुपारी भोंगा वाजला. धरण फुटलंय असं समजून सगळ्यांनी टेकावरच्या शाळेत जायचं होतं. लोक माझ्यापर्यंत आले, नारळ फोडला आणि तिथंच टेकले.

“आता कशाला चढायचं? देवाच्या म्होरं पाणी जात न्हाई,” बाळासो म्हणाले.

क्रांतीच्या कडेवर तिची लेक होती, माया. लेक झाल्यापासून क्रांतीचं हसणं कमी झालंय. ती म्हणाली, “आवं मामंजी, देव हितं हाय आन् आपलं घर देवाच्या खाली. पाणी देवाच्या पायापतुर आलं, तर घराचं काय?”

“लय शिकलीस!”

सगळे खिदळले. सराव घ्यायला आलेल्या साहेबांनी तिथंच विचारलं, “आले का सगळे?” “आले की!” फोटो निघाला. सराव पार पडला.

लोक खाली उतरू लागले, तेव्हा त्यांना बनाबाई दिसली. एकटी राहणारी, कानांनी गेलेली म्हातारी. आपल्या अंगणात शेंगा सोलत बसलेली. “कुणाचं लगीन व्हतं का रं? समदी वर गेलता, मलाच आवतण न्हाई!”

पुन्हा हशा. क्रांती तेवढी हसली नाही. मायाला तिनं घट्ट धरलं.

मित्रांनो, फुटलेलं धरण नारळ बघून थांबत नाही. माझा शेंदूर खरवडलात तर बरंच होईल, पण ते नंतर. उद्या शाळेला जाताना बनाबाईच्या अंगणात शिरा. हाक मारून उपयोग नाही, खांद्याला हात लावा. भोंगा वाजला तर तुला वर कोण आणणार, ते खुणेनं विचारा. तिला कुणाचंच नाव सांगता आलं नाही, तर तसेच मागं फिरा आणि आपल्या आईला सांगा.