वाक्याआधीचा शब्द

धोंडीरामांनी पुन्हा माऊस दाबला. पडद्यावरची यादी मिटली, पण आवाज काही आला नाही.

“थांबा आबा, एवढ्या जोरात दाबू नका,” प्रसेनजीत म्हणाला. “तुमचं बरोबर आहे. माझंच काहीतरी चुकलंय.”

धोंडीरामांनी हात मांडीवर ठेवला. गळ्याशी बांधलेल्या जाळीच्या रुमालाखाली त्यांचा श्वास बारीक घरघरत होता. मिरजेला ऑपरेशन करून ते नुकतेच घरी आले होते. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं होतं. उभी नोकरी चंदगडच्या एस.टी.वर कंडक्टर म्हणून काढलेला माणूस. “पुढं सरका की पावणं, मागं काय लगीन हाय?” असं त्यांनी म्हटलं, की ड्रायव्हरच्या शेजारी बसलेलासुद्धा दचकून सरकायचा. आता ओठ हलत होते आणि नुसती हवा येत होती.

कॉम्प्युटर प्रसेनजीतच्या इन्स्टिट्यूटमधून भंगारात निघालेला. विंडोज त्यावर धापा टाकत उघडायचं, म्हणून त्यानं लिनक्स घातलं होतं आणि वर अगदी साधा, हलका डेस्कटॉप. निळा मोकळा पडदा, एकही चित्र नाही. उजवं बटण दाबलं की शब्दांची यादी खाली उतरायची. पाणी, दूध, औषध, दुखतंय. इंग्रजी अक्षरांतले मराठी शब्द. प्रत्येक शब्दामागे त्यानं दोन-तीन ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली होती. तिचं काम एवढंच, की ऑपरेशनच्या आधी आबांच्याच आवाजात रेकॉर्ड केलेलं वाक्य वाजवायचं.

कमांड द्यायच्या काळ्या खिडकीत नाव टाइप केलं की स्क्रिप्ट बिनबोभाट चालायची. यादीतून मात्र ढिम्म. बराच वेळ डोकं खाजवल्यावर त्याच्या लक्षात आलं. स्क्रिप्टा त्याच्या स्वतःच्या फोल्डरात होत्या आणि त्या फोल्डरचा पत्ता त्यानं ज्या फाइलीत लिहिला होता, ती फक्त काळी खिडकी वाचत होती. डेस्कटॉप सुरू होताना तिच्याकडे बघतसुद्धा नव्हता. प्रसेनजीतनं पत्त्याची ओळ योग्य फाइलीत टाकली, लॉगआउट करून पुन्हा लॉगइन केलं आणि माऊस आबांच्या हाताखाली सरकवला.

“बायडे, पानी दे!”

स्वयंपाकघरात भांडं पडलं. बायडाबाई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. एकदा नवऱ्याकडे, एकदा त्या डब्याकडे बघत राहिल्या.

“अगं बाई, ह्येच बोलले की!” त्या म्हणाल्या आणि पिठाचाच हात तोंडावर ठेवून रडायला लागल्या.

धोंडीरामांनी लगेच दुसऱ्यांदा दाबलं. मग तिसऱ्यांदा. बायडाबाई रडता रडता हसल्या. “आणते, आणते! लई घाई तुमास्नी.”

प्रसेनजीतला वाटलं, आपण एवढं शिकलो ते या एका सकाळसाठीच.

संध्याकाळी जोतीराम आला. चंदगडच्या गाडीवर धोंडीरामांबरोबर वर्षानुवर्षं ड्रायव्हर असलेला, विहारातही शेजारी बसणारा जुना मित्र. दारातूनच त्यानं हाळी दिली, “जयभीम, कंडक्टर! कसं हाय?”

धोंडीराम उभे राहिले. हात जोडले, आणि काहीतरी आठवल्यासारखे वळून कॉम्प्युटरकडे गेले. यादी उघडली. बाण एकेका शब्दावरून खाली गेला, तळाला पोचला, परत वर आला. पाणी. दूध. औषध. दुखतंय. खिडकी लावा. त्यांनी मान वळवून मुलाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. कुठं ठेवलायस, एवढंच विचारत होते.

आबा कुठला शब्द शोधतायत, हे प्रसेनजीतला कळलं.

मिरजेला जायच्या आधीच्या रविवारी याच खोलीत त्यानं आबांच्या हातात माईक दिला होता. विहारात भाषणाला उभं राहावं तसे ते ताठ झाले आणि म्हणाले, “जयभीम. बायडे, पानी दे.”

बहीण संघप्रिया खदखदून हसली. “आबा, पानी मागताय का सभा घेताय?”

“सवय हाय गं. माईक हातात आला की त्योच शबूद फुडं येतोय.”

“आबा, नुसतं वाक्य म्हणा,” प्रसेनजीत म्हणाला होता.

आबांनी प्रयत्न केला, पण प्रत्येक वाक्याआधी ते आलंच. जयभीम, औषध दे. जयभीम, दुखतंय रं. शेवटी तो म्हणाला, “राहू द्या, मी नंतर कापतो.” आणि त्यानं कापलं. एकेका वाक्याच्या पुढचा तुकडा नीट, बेतानं. डिस्क लहान होती, म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसूनही टाकली.

जागा नव्हती हे खरं होतं. पण कसबा बावड्यातल्या या नव्या सोसायटीत भाड्यानं आल्यापासून त्यानं दारावरच्या पाटीवर आडनाव घातलं नव्हतं, आणि इन्स्टिट्यूटमध्ये कुणी भेटलं की तो नमस्कार म्हणायचा, हेही खरं होतं. शेजारच्या भिंतीपलीकडं आवाज जातो, असं त्या रविवारी त्याच्या मनात आलं होतं. आलं आणि गेलं होतं. त्यानं ते थांबवून नीट पाहिलं नव्हतं.

जोतीराम गेल्यावर त्यानं सगळ्या फाइली एकेक करून ऐकल्या. एकीत कात्री जरा मागं लागली होती. वाक्याच्या आधी ओठ मिटल्याचा बारीक आवाज होता. जयभीमचा ‘म’ म्हणता येईल इतकाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या आवाजात तो शब्द रेकॉर्ड केला, नवी स्क्रिप्ट लिहिली आणि यादीत सगळ्यात वर टाकली.

“आबा, हे बघा. आता कुणी आलं की हे दाबा.”

धोंडीरामांनी दाबलं. ऐकलं. मान हलवली आणि आवाजाशिवाय, ओठांनी सावकाश म्हणाले, “ह्यो तुजा हाय.”

“मग काय झालं आबा? शब्द तोच की.”

धोंडीरामांनी त्याच्या छातीवर बोट टेकवलं. पुन्हा ओठ हलले. “मग तू म्हण की. तुला गळा हाय.”

मी ते कापलं, मुद्दाम कापलं, असं सांगायला प्रसेनजीतनं तोंड उघडलंही. पण धोंडीराम खुर्चीवरून उठून खिडकीशी गेले होते, आणि पाठमोऱ्या माणसाला असलं काही सांगता येत नाही. पुढं ते कधीच सांगून झालं नाही.

पुढच्या आठवड्यात एकदा तो दुपारीच घरी आला, तर खोलीत कुणी नव्हतं. कॉम्प्युटर बंद होता.

“आई, आबा कुठायत?”

“गेल्यात स्टँडवर. जोतीरामभावजी आलते न्यायला,” बायडाबाई म्हणाल्या. “मी म्हटलं, ह्ये मशीन सोडून कसं बोलशीला? तर हातानंच गप बस म्हणाले मला.”

तो स्कूटर काढून स्टँडकडे गेला. उन्हं कलली होती. चंदगडची गाडी फलाटाला लागली होती आणि शेजारच्या बाकड्यावर निवृत्त ड्रायव्हर-कंडक्टरांची टोळी बसली होती. मध्ये आबा. जोतीराम हातवारे करत कसली तरी जुनी गोष्ट सांगत होता, आणि आबा बोटानं त्याला अडवून मध्येच दुरुस्त करत होते. बाकीच्यांना ते कळतही होतं.

गोष्ट संपली आणि सगळे हसले. धोंडीरामही हसले. खांदे गदगदा हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. एका हातानं त्यांनी गळ्यावरचा रुमाल धरून ठेवला होता.

घरी आल्यापासून ते एकदाही हसले नव्हते, हे प्रसेनजीतला तिथं, रस्त्याच्या अलीकडं उभं राहून कळलं. पलीकडं जावं, त्या सगळ्यांना मोठ्यानं जयभीम म्हणावं, असं वाटून त्यानं स्कूटर कडेला लावली. तेवढ्यात इन्स्टिट्यूटमधले दोघं समोरून येताना दिसले.

“काय सर, इकडं कुठं?”

“काही नाही,” तो म्हणाला. “असंच.”

ते गेल्यावर त्यानं पुन्हा पलीकडं पाहिलं. चंदगडची गाडी सुटून समोरून जात होती आणि बाकडं तिच्याआड गेलं होतं.