मावशीच्या हातची सॅक

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. एका अरुंद घळीची आणि तिच्यासाठी झुरणाऱ्या एका बाईची गोष्ट तुम्हाला सांगते. मी एक जुनी सॅक आहे. जाड हिरव्या कापडाची, रुंद पट्ट्यांची.

ती बाई, म्हणजे आमची मावशी, तंबू शिवण्याच्या कारखान्यात काम करायची. उरल्यासुरल्या कापडातून तिने मला स्वतःसाठी शिवले. टाके घालताना ती देवाचे नाव गुणगुणायची. म्हणूनच की काय, माझी शिवण अजून उसवलेली नाही. तिच्या पाठीवर बसून मी किती रानदऱ्या पाहिल्या! ती घळ मात्र राहून गेली. तिच्यात कातळाच्या भिंती अगदी जवळ येतात आणि मधून पाणी वाहते. वर डोंगरावर पाऊस पडला, तरी आत लोंढा येतो. म्हणून मावशी तिच्या तोंडापर्यंत जायची आणि ढग दिसले की मुकाट्याने मागे वळायची. पुढे तिचा गुडघा कुरकुरू लागला आणि मी कपाटावर धूळ खात पडले.

एके दिवशी तिची भाची आली. ती दवाखान्यात एक्स-रे काढते.

"मावशी, ओढे उतरलेत, आभाळ मोकळं आहे. मी आणि माझी मैत्रीण घळ करणार. चल ना!"

मावशीने लगेच टेबलावरचे कापड बाजूला सारून नकाशा पसरला. पाणी कुठे भरायचे, रात्री ओढ्यापासून किती उंचावर झोपायचे, सगळे ठरले. घळीत शिरल्यावर मध्ये कुठेच बाहेर पडता येत नाही. उजेड आहे तोवरच पार व्हायचे.

या घरात एक शिरस्ता आहे. निघण्यापूर्वी प्रत्येकाने पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक पाठीवर घेऊन इमारतीचा जिना चढायचा. जो सर्वांत हळू, त्याच्या चालीवर सगळा बेत आखायचा.

मावशी मला घेऊन तरातरा वर गेली. "बघितलंस? म्हातारी अजून खणखणीत आहे!"

भाचीने मला तिच्या खांद्यावरून उतरवले, तर मी हवेतच उडाले. माझ्या पोटात एकही बाटली नव्हती!

"मावशी! चिंध्या भरल्यास?"

"चिंध्या काय म्हणतेस? चांगली धुतलेली कात्रणं आहेत."

भाची हसून हसून पायरीवर बसली. मग तिने मावशीच्या डोळ्यांकडे पाहिले आणि तिचे हसू विरले.

"एकदाच आत जायचं होतं गं," मावशी म्हणाली.

मग खऱ्या बाटल्या भरल्या. अर्ध्या जिन्यातच मावशीने कठडा धरला.

"ठीक आहे," भाची म्हणाली, "तुझ्या चालीनं जाऊ. दरीत मुक्काम करू, घळ राहू दे."

"अगं गधडे, तोंडाशी जाऊन परत यायचं? ते दुःख मला पुरे झालं, तुला कशाला? तुम्ही दोघी जा."

"आणि तू घरी नुसती बसणार?"

"नुसती कशाला? ठरल्या वेळी तुम्ही आला नाहीत, तर मदत कोण पाठवणार? घरात कुणीतरी वाट बघणारं हवंच की. ते काम माझं." मग तिने माझे पट्टे भाचीच्या मापाने आवळले. तिची बोटे माझ्यावर जरा जास्तच रेंगाळली.

मित्रांनो, मी ती घळ पाहिली. वरून झिरपणारा हिरवा उजेड, कातळावरचे शेवाळ, गार पाण्याचा घुमणारा आवाज. देवाने जणू गाभारा कोरून ठेवला होता. पण मला ती पाठ परकी वाटत होती. जिने त्या उजेडासाठी जन्म काढला, ती घरी घड्याळाकडे बघत बसली होती.

दुसऱ्या दिवशी रान संपून डांबरी रस्ता लागला, तसा भाचीने फोन लावला. "मावशी, सुखरूप बाहेर आलो."

पलीकडून आवाज आला, "आत काय होतं गं?"

"घरी आले की सांगते ना."

"नाही. आत्ता सांग."

भाचीने मला पाठीवरून उतरवले, रस्त्याच्या कडेला बसली आणि सांगू लागली. थेंबन् थेंब सांगितला. बस आली आणि निघून गेली, तरी ती उठली नाही.

मित्रांनो, सॅक वाळवा, पट्टे तपासा, सगळी काळजी घ्या. पण रानातून परतलात की घरी वाट बघणाऱ्या त्या माणसाची आठवण सर्वांत आधी करा. आणि सांगताना घाई करू नका.