अळीनं चाखलेला पाला

वायनाडच्या आमच्या डोंगरात जखम चिघळली की लोक चिरुतम्माकडे जातात. कुरुविला मास्तरांच्या पायाची साखरेच्या आजारानं सडत चाललेली जखम तिच्याच पाल्यानं भरली. मास्तरांची लेक अंजू कोचीला प्रयोगशाळेत वनस्पतींतली रसायनं शोधते. ती लगोलग वर आली.

"अम्मा, यातलं नेमकं कोणतं रसायन गुण देतं, ते मी शोधणार."

"शोध की. पाला काय माझ्या बापाचा?" चिरुतम्मानं पाटी पुढं सरकवली. पानं सगळी भोकाभोकांची.

अंजूनं नाक मुरडलं. "असलं किडकं आमच्याकडे चालत नाही." तिनं चार रोपं मुळासकट उपटून कोचीला नेली.

तिथं रोपांना जाळीची खोली, खत, फवारणी. दोन वर्षांनी अहवाल आला: या पाल्यात जखम भरणारं काहीही नाही. खाली अंजूची सही.

त्याच वर्षी ओणमच्या सणाला मास्तर लेकीकडे कोचीला असताना त्यांचा दुसरा पाय चिघळला. त्याच पाल्यासाठी मास्तर हट्टाला पेटले, तेव्हा अंजूनं आपल्या रोपांचा तजेलदार पाला बांधला. काही फरक पडेना. शेवटी मास्तर एकटेच बस धरून चिरुतम्माकडे आले. तिचं घर माझ्या अंगणवाडीसमोरच.

तीन आठवड्यांनी अंजू वडिलांना न्यायला आली, ती चिडूनच. मास्तर पडवीत तिचा अहवाल वाचत बसले होते. पाय जवळजवळ भरलेला.

"छान लिहिलंयस गं," मास्तर म्हणाले. "फक्त माझ्या पायाला वाचता येत नाही."

अंजूचा चेहरा उतरला. ती चिरुतम्माकडे वळली. "अम्मा, पाला तोच ना?"

"तुझ्याकडे अळी होती?"

"अळी कशाला?"

"अळी ज्याला तोंड लावत नाही, ते पान मी तोडत नाही. पहिल्याच दिवशी पाटी पुढं केली होती, मोळे, माझ्या पोरी. तू नाक मुरडलंस."

अंजू डब्यात अळ्या घेऊन गेली. प्रयोगशाळेच्या माळ्यानं इमानेइतबारे औषध मारून त्या संपवल्या. ती पुन्हा आली, पुन्हा घेऊन गेली. वर्षभरानं मात्र स्वतः सांगायला आली, "अम्मा, सापडलं! अळी कुरतडायला लागली की तिला हाकलायला झाड एक विष तयार करतं. तेच जखम भरतं."

चिरुतम्माचा हात पाटीतच थांबला.

"विष?"

"अळीपुरतं."

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "आणि मी समजत होते, अळी चाखून चांगलं पान दाखवते मला."

त्या दिवशी तिनं पाला तोडला नाही.