ताडपत्रीचं पाचवं काम

विनिताने बर्फाचा ट्रे सिंकच्या कडेवर आपटला आणि खडे थर्मासमध्ये भरले. नवऱ्याच्या इन्सुलिनचं पेन आधी रुमालात गुंडाळायचं, मग प्लास्टिकच्या पिशवीत, मग बर्फावर. थेट बर्फाला लागलं तर औषध गोठून वाया जातं, हे तिला डॉक्टरांनी कधीचं सांगून ठेवलं होतं. गेले नऊ दिवस ती रोज सकाळी हे करत होती आणि रोज संध्याकाळी थर्मास तसाच परत येत होता, आत कोमट पाणी घेऊन.

तिचा नवरा सगुण श्रावणातल्या एका मंगळवारी इब्रामपूरच्या डोंगरात अळमी काढायला गेला, तो परत आलाच नाही. अळमी म्हणजे वारुळावर उगवणारी रानातली अळंबी. ज्याला असं वारूळ सापडतं तो त्याची जागा कुणाला सांगत नाही. भावाला नाही आणि बायकोला तर नाहीच. सगुण यात सगळ्यांच्या वरताण. चार लोकांना दिसेल असा पूर्वेच्या वाटेने निघायचा आणि पुढे काजूच्या बागेतून वळून भलतीकडेच जायचा. मोबाईल घरी ठेवायचा, का तर नेमका वारुळापाशी वाजला म्हणजे! विनिताने तीस वर्षं ती अळमी शिजवली, पण जागा कधी विचारली नाही, आणि आपण विचारत नाही याचा तिला मोठा अभिमान होता. आता त्या अभिमानाची तिला शिसारी येत होती.

पहिले चार दिवस पन्नासेक माणसं रानात होती. त्यांत गावातले पाच-सहा अळमीवालेही होते, आणि त्यांनी जन्मभर केलं तेच तिथेही केलं. "थंयसर मी बघतंय, तुमी हंयसर बघा," असं म्हणत जो तो आपापल्या वारुळाकडे एकटाच गेला आणि परत येऊन 'तिथे कुणी नाही' म्हणाला. खोटं कुणी बोललं नसेल. पण एकट्या माणसाने गच्च झाडीत घाईघाईने बघणं म्हणजे काय बघणं? शेजारी हरवला तरी चालेल, पण वारूळ कुणाला कळता कामा नये, असली ही माणसं. आणि तिचा नवरा त्यांच्यातलाच, मग शिव्या तरी कुणाला द्यायच्या?

पाचव्या दिवशी पोलीस गेले, मग गाव आपल्या कामाला लागला. शेजारचा प्रज्योत कालपर्यंत येत होता, आज त्याचीही रजा संपली. उरले दोघं, सगुणचा धाकटा भाऊ कृष्णनाथ आणि त्याचा मित्र अनंत. झाडी तोडत एकाने पुढे व्हायचं आणि दुसऱ्याने पिशवी उचलायची, म्हणजे पिशवी एकच.

कृष्णनाथ सुर्ल्याला खाणीवरच्या गॅरेजमध्ये फिटर होता. चालत जाऊन करायच्या कामाला जी वस्तू दोन कामं करत नाही ती न्यायची नाही, हा त्याचा नियम. मीठ घ्यायचं, कारण ते जळवांवर टाकता येतं आणि साखरेबरोबर पाण्यातही घालता येतं. कोयती घ्यायची, दोर घ्यायचा, जाड पंचा घ्यायचा. सगुणचा जुना चष्मा त्याने सहाव्या दिवशी बाहेर काढला. "चष्मो कित्याक, वयनी? दादा गावलो की मी हात धरून आणतंय मा." तिने ऐकलं. कोरडे कपडे गेले, मोठी बॅटरी गेली. थर्मासला मात्र तिने हात लावू दिला नव्हता.

आज कृष्णनाथने काखेत ताडपत्रीची घडी आणली. नवी, निळी, चांगली मोठी. पायरीवर बसून तो पिशवीत ती बसवून बघू लागला. थर्मास असताना ती बसेना.

"वयनी, थर्मास आज राहूंदे."

"बर्फ आत्ताच भरलंय."

"थर्मास एकाच कामाचो. ताडपत्री बघ. पावस इलो तर डोक्यार. चिखलात बसाक. पाणी धरूक. दादाचो पाय मोडलो आसात तर दोन बांबू घालून उचलूक." त्याने बोटांवर चार कामं मोजून दाखवली. अंगठा मात्र मिटलेलाच राहिला.

"आणि?" विनिता म्हणाली.

"आणि काय?"

"आणि खंयच्या कामाक, भावजी?"

कृष्णनाथने दोर उचलला आणि बांधलेलीच गाठ सोडून परत बांधायला घेतली. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्याची धडपड बघून तिला त्याची कीव आली. नऊ दिवस हा माणूस नोकरी सोडून काट्यांतून फिरत होता. पायांवर जळवांचे डाग, एका अंगठ्याचं नख उचकटलेलं. मुळात सगुण जिवंत सापडणार नाही हे त्याला चार दिवसांपूर्वीच कळलं असणार. इन्सुलिनशिवाय माणूस किती दिवस काढतो हे तिने डॉक्टरांना विचारलं नव्हतं, कारण उत्तर तिलाही ठाऊक होतं. रोज सकाळी बर्फ भरला की संध्याकाळपर्यंत ते विसरता यायचं, इतकंच.

तिने पिशवीतून थर्मास काढला. आत जाऊन बर्फ सिंकमध्ये ओतला. पेन फ्रीजच्या दारात त्याच्या जागी ठेवलं. मग बाहेर येऊन ताडपत्री उलगडली आणि पुन्हा नीट घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, लहान घडी. आता ती सहज बसली, वर बोटभर जागाही उरली. त्या जागेत तिने देवळीतली कापराची डबी ठेवली. कृष्णनाथने पिशवीचं तोंड बांधलं.

दोघं गेले. अंगणाच्या कडेला उभं राहून ती त्यांच्या पाठी दिसेनाशा होईपर्यंत बघत होती. दिवसभर तिने काहीही केलं नाही. जेवण रांधलं नाही. शेजारणीने येऊन काहीबाही सांगितलं, ते तिच्या डोक्यात शिरलं नाही.

दिवस कलताना ते परतले. अनंत वाटेवरूनच घरी वळला. कृष्णनाथने पिशवी पायरीवर ठेवली, नकारार्थी मान हलवली आणि तोंड धुवायला विहिरीकडे गेला.

तिने पिशवी उघडली. मीठ संपलं होतं, दोर चिखलाने भरला होता. ताडपत्री तशीच होती, तिने सकाळी घातलेल्या घडीत, कोपऱ्याला कोपरा.

नऊ दिवस थर्मास न वापरताच परत येत होता. तेव्हा निदान काय मागायचं ते देवापुढे बोलून दाखवता येत होतं. आज तिने ताडपत्रीच्या घडीवरून हात फिरवला. ती कोरडी होती, स्वच्छ होती, आणि ती मळून आली असती तर बरं झालं असतं असं तिच्या मनात आलं.

"वयनी," कृष्णनाथ मागून म्हणाला, "उद्या नदीच्या बाजूक बघतंव."

"बघा," ती म्हणाली, आणि मिठाचा डबा आणायला आत गेली.