मिटलेल्या भांडणाचं वॉरंट

शुक्रवारी सकाळी हवालदार सातपाटीत वामन तरेच्या दारात आला, तेव्हा वामनची बायको हंसा डोक्यावर बोंबलांची पाटी घेऊन वाळवणीकडे निघाली होती. वामन कुठे आहे आणि कधी येणार, एवढंच त्याने विचारलं. बोटीवर आहे, रविवारी येईल, असं तिने सरळ सांगून टाकलं. मग नेहमीचं वाक्य जोडलं.

"ते तर कवाच मिटलंय, साहेब."

आधीचे हवालदार हे ऐकून चहा पिऊन निघून जायचे. हा नवा होता. चहाला नको म्हणाला.

"कोर्टाला मिटलेलं माहीत नाही, बाई. वॉरंट आहे," असं म्हणून त्याने मोटरसायकल वळवली. कागद काही दिला नाही.

हंसाने मुलीला फोन लावला. हेमांगी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत पॅकिंगला होती. सुपरवायझरला सांगून ती कँटीनच्या बाहेर बाकावर बसली आणि मोबाईलवर कोर्टाची साइट उघडली.

साइटला राज्य हवं होतं, जिल्हा हवा होता, कोर्ट हवं होतं, पक्षकाराचं नाव आणि वर्ष हवं होतं. जिल्हा पालघर टाकल्यावर काही निघालं नाही. भांडण झालं तेव्हा पालघर जिल्हाच नव्हता, हे थोड्या वेळाने लक्षात आलं, म्हणून तिने ठाणे टाकून पाहिलं. वर्ष आईला आठवेना. अनुज, हेमांगीचा धाकटा भाऊ, रांगत होता एवढं मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. अनुजच्या जन्मदाखल्याचा फोटो मोबाईलमध्ये होता, त्यावरून वर्ष काढलं. मग तिने पुंडलिक विरुद्ध वामन असं प्रकरण शोधलं. भांडण त्या दोघांचं होतं. तसं काहीच नव्हतं. बापाचं एकट्याचं नाव टाकल्यावर ओळ आली: महाराष्ट्र शासन विरुद्ध वामन तरे.

शासनाचा काय संबंध, असा प्रश्न तिला पहिल्यांदा तिथे पडला.

ओळीवर बोट ठेवलं की खाली तारखा उघडत होत्या. आरोपी गैरहजर. साक्षीदार गैरहजर. समन्स. पुन्हा गैरहजर. वर्षानुवर्षं तेच. शेवटच्या तारखेसमोर आरोपी गैरहजर आणि अजामीनपात्र वॉरंट असं लिहिलेलं होतं, पण वॉरंटची प्रत कुठेही उघडत नव्हती. पोलिसांच्या साइटवर फरार आरोपींची नावं होती, त्यात वामन नव्हता. हेमांगीला क्षणभर हायसं वाटलं. नंतर वकीलबाईने सांगितलं की त्या नावांत नसण्याला काहीच अर्थ नसतो.

भांडण समुद्रात झालं होतं. जाळं बांधायच्या जागेवरून वामन आणि पुंडलिक यांच्या बोटी एकमेकींना भिडल्या आणि दोर कापायचा कोयता वामनच्या हातात होता. पुंडलिकच्या खांद्याला टाके पडले. वामनला अटक झाली, जामीन झाला. त्यानंतर गावाची बैठक बसली. वामनने चुकलो म्हटलं, पुंडलिकने नारळ हातात घेतला आणि त्या वर्षी नारळी पौर्णिमेला दोघांनी तो एकत्र समुद्रात सोडला. त्या दिवसापासून भांडण संपलं. वामनची बोट विकली गेली तेव्हा त्याला शैलेशच्या बोटीवर खलाशी म्हणून लावून देणारा पुंडलिकच होता. कोर्टाची तारीख आली की दोघंही समुद्रावर जायचे. जायचं कशाला, गावासमोर मिटलेलं होतं. जामीन राहिलेला माणूस वारला, पहिला वकील गाव सोडून गेला. कुणाला कळलं नाही की फाईल अजून जिवंत आहे.

दुपारी हेमांगी कंपनीतून निघून पालघरला कोर्टात पोचली. खिडकीतल्या माणसाने नंबर पाहून प्रकरण चालू असल्याचं सांगितलं. नक्कल हवी तर वकिलामार्फत अर्ज करायला सांगितलं आणि पुढच्याला बोलावलं. बाहेर टायपिंगच्या टेबलापाशी तिला ॲडव्होकेट दीपाली भेटली. दीपालीने तिच्या मोबाईलवरच्या सगळ्या तारखा वाचल्या आणि विचारलं, आरोपी कुठे आहे. समुद्रात, हेमांगी म्हणाली.

"वॉरंट रद्द करायचा अर्ज मी करते. पण ते स्वतः कोर्टात उभे राहिले पाहिजेत. स्वतःहून आले, तर मला काही बोलता येतं. पोलिसांनी आणलेल्या माणसासाठी मी काय बोलणार?"

उद्या दुसरा शनिवार होता. सुट्टीत पकडलं तर सुट्टीच्या मॅजिस्ट्रेटसमोर उभं करतील, तिथे फाईल नसते, बहुतेक ठाण्याच्या जेलमध्ये पाठवतील, असं दीपालीने सांगितलं. शिवाय आपल्या कोर्टाचे साहेब सोमवारपर्यंतच आहेत, मंगळवारपासून रजेवर. म्हणजे सोमवार हुकला की किती लांबेल हे तिला सांगता येत नव्हतं.

हेमांगीने पुंडलिककाकाबद्दल विचारलं. ज्याला मार लागला तोच येऊन सांगेल की माझी तक्रार नाही, मग?

"तक्रार आता त्यांची राहिलेली नाही. शासनाची आहे. आणि हत्याराच्या या कलमात तडजोड चालत नाही," दीपाली म्हणाली. "साक्षीला आले तर बरंच आहे. इतकी वर्षं आले असते तर आणखी बरं झालं असतं."

संध्याकाळी हेमांगी पुंडलिकच्या घरी गेली. तो जाळं शिवत बसला होता. सगळं ऐकेपर्यंत त्याची सुई थांबली नाही, शेवटी थांबली.

"मार माझा, खांदा माझा, आणि सरकारला दुखतंय," तो म्हणाला. "सोमवारी मी येतो, बाय. मी बोलतो जजशी."

त्याने बोलून उपयोग नाही हे हेमांगीने पुन्हा सांगितलं. काम दुसरंच होतं. शैलेशची बोट रविवारी लागणार होती आणि हवालदाराला ते आईनेच सांगून ठेवलं होतं. बोटीने सोमवारी पहाटे लागावं आणि वामनने जेट्टीवरून तडक पालघर गाठावं. मोबाईल तिथवर पोचत नव्हता. पुंडलिकच्या घरात मात्र वायरलेसचा सेट होता.

पुंडलिक लगेच उठला नाही. वायरलेसवर सगळा समुद्र ऐकतो, वॉरंटचं बोलता येणार नाही, असं म्हणाला. तेवढंच म्हणाला. हेमांगीला वाटलं, अडचण तेवढीच आहे.

शैलेश सेटवर आला. वारा ठीक होता, मासळी बरी होती. सोमवारशिवाय बंदराला लागू नकोस, पुंडलिकने सांगितलं. शैलेशने कारण विचारलं. बर्फ रविवारपर्यंतच पुरणार होता, उगाच मासळी कशाला खराब करायची. पुंडलिकने इकडचं तिकडचं काढलं. शैलेश ऐकेना, वर म्हणाला, काका, तुमी काय माझे मालक झालात का?

"वामनसाठी सांगतो," पुंडलिक म्हणाला. "घाई नको. सावकाश ये."

पलीकडचा चढलेला सूर एकदम उतरला. मग शैलेश बरं म्हणाला आणि आवाज गेला.

पुंडलिक हातातलं यंत्र धरून तसाच राहिला. काय झालं, हेमांगीने विचारलं.

"नाव घेतलं मी."

त्याचा अर्थ तिला माहीत नव्हता. बायका सेटवर बोलत नाहीत. किनाऱ्यावरून एखाद्या खलाशाचं नाव घेतलं गेलं, की त्याच्या घरात कुणी गेलं असं बोट चालवणारा तांडेल धरून चालतो. त्या खलाशाला काही सांगायचं नाही. जाळं ओढायचं आणि बोट वळवायची. सोबत काय सांगितलं, याला महत्त्व नसतं. मेल्याचं कुणी वायरलेसवर सांगत नाही, सगळे घाई नको असंच सांगतात. पुंडलिकचा बाप गेला तेव्हा त्यालाही असंच आणलं होतं.

त्याने पुन्हा शैलेशला हाक मारली. पुन्हा मारली. उत्तर येणार नव्हतं, हे त्याला माहीत होतं. बोट वळली की तांडेल सेट बंद करतो, नाहीतर त्या माणसाच्या कानावर जातं. दुसऱ्या एका बोटीने मधेच विचारलं, कोण गेलं? पुंडलिकने कुणी नाय म्हणून सांगितलं. त्यावर त्या बोटीवरच्या माणसानेही सेट बंद केला. त्यालाही ते खरं वाटलं नव्हतं.

शनिवारी दुपारी भरतीबरोबर शैलेशची बोट खाडीत शिरली. हंसा, हेमांगी आणि पुंडलिक जेट्टीवर होते. बोट येताना दिसली तशी बातमी पोचायला काही वेळ लागला नाही; बोटींच्या नोंदीच्या टेबलापाशी तो नवा हवालदार येऊन उभा होता.

वामन नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, उभा होता. रात्रभर कुणी त्याच्याकडे पाहिलं नसणार, त्याने कुणाला विचारलं नसणार. जवळ आल्यावर त्याची नजर जेट्टीवर फिरली. हंसावर थांबली. हेमांगीवर थांबली. मग आणखी कुणाला तरी शोधू लागली.

"अनुज कुठं हाय?"

"खेळाया गेलाय," हंसा म्हणाली. "घरी सगळी हायत. कुणाला काय झालं नाय."

वामनने हातातला दोर जेट्टीवर फेकला. मग हसला. शैलेशकडे वळून त्याला एक शिवी दिली, रात्रभर मारलंस मला, म्हणाला, आणि पुन्हा हसला. बोटीवरचे दोघंतिघंही हसले. तो उतरला तेव्हा अनवाणी होता आणि हात अजून ओले होते.

हवालदाराने नाव विचारलं. वामनने सांगितलं.

पुंडलिक मधे झाला. शर्टाची गुंडी काढून त्याने खांदा उघडा केला आणि वण दाखवला. "साहेब, मार मला लागलेला. माझंच डोकं फिरलं होतं तेव्हा. माझी काय तक्रार नाय."

"तुम्ही बाजूला व्हा, काका. हे माझ्या हातात नाही," हवालदार म्हणाला. त्याचा आवाज वाईट नव्हता.

हेमांगीने दीपालीला फोन लावून त्याच्यापुढे धरला. सोमवारी ते स्वतः हजर होणार होते, एवढं तरी लिहा, दीपाली सांगत होती. हवालदाराने ऐकून घेतलं. वॉरंटवर जे असतं तेच मी लिहितो, म्हणाला, आणि फोन परत दिला. पंचनाम्यासारखं काहीतरी भरून घेऊन त्याने वामनला चला म्हटलं.

वामनने एकदाच पुंडलिककडे पाहिलं. "ते तर मिटलं होतं ना?"

"मिटलंच हाय," पुंडलिक म्हणाला.

हंसा घरी चपला आणायला पळाली होती. ती परत आली तेव्हा गाडी माशांच्या टोपल्यांमधून वाट काढत वळणापर्यंत गेली होती. शैलेश मासळी उतरवून घेत होता. बर्फ अजून बराच शिल्लक होता. हेमांगीने मोबाईलवर पुन्हा ती ओळ उघडली. तिथे काही बदललं नव्हतं. आरोपी गैरहजर.