आजाऱ्यांच्या यादीतली जाऊ

धाकटीने स्टुलावरच्या औषधाच्या बाटल्या कोपराने बाजूला सारल्या आणि पांढरा रुमाल अंथरला. त्यावर मेणबत्ती ठेवली, शेजारी लहानशी सोनेरी डबी. डबीत एकच पवित्र भाकर होती. सकाळच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, फादरांनी ती या घरासाठी म्हणून दिली होती आणि ते तडक बाहेरगावी निघून गेले होते.

पलंगावर थोरली जाऊ उशीला टेकून बसली होती. अकरा वर्षांत दोघी एकमेकींशी अवाक्षर बोलल्या नव्हत्या. चर्चमध्ये एकीने डावीकडचा बाक धरला की दुसरी उजवीकडे. शांती द्या म्हटल्यावर अख्खं चर्च शेजाऱ्याचा हात हातात घेतं, तेव्हाही या दोघींची तोंडं दोन दिशांना. पण मंगळवारी थोरलीच्या गळ्याचं ऑपरेशन होतं, आणि कम्युनियन, म्हणजे ही पवित्र भाकर, घेतल्याशिवाय आपण त्या टेबलावर झोपणार नाही, असं तिने सुनेला निक्षून सांगितलं होतं. घरोघरी कम्युनियन नेणाऱ्या तिघींपैकी एक लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, दुसरीचा पाय प्लास्टरात. उरली कोण, तर ही.

"तूच का?" थोरली म्हणाली. आवाज पार बसला होता, धार मात्र तशीच.

"यादीत माझं नाव होतं."

"खोडायचं."

"खोडलं होतं. फादरांनी परत लिहिलं."

सून दारात घुटमळत होती. दोघींकडे आळीपाळीने बघून ती चहाचं निमित्त करून सटकली. शहाणी होती.

आजाऱ्यांना आधी चर्चच्या सूचना वाचून दाखवायच्या, म्हणजे त्यांना एकटं पडल्यासारखं वाटत नाही, हा फादरांचा शिरस्ता. धाकटीने पर्समधून कागद काढला आणि एकदाची ब्याद टळावी तशी वाचायला लागली.

"शनिवारी सकाळी नऊला चर्चची साफसफाई. प्रत्येक घरातून एकाने यावं."

"तू जाशील. झाडू दुसरीच्या हातात देऊन बोट दाखवायला."

"बुधवारी सहाला गायनमंडळाचा सराव. नव्या आवाजांचं स्वागत."

"जुने आधी सुरात आणा म्हणावं."

"महिला मंडळाची सहल पंधरा तारखेला. नावं लवकर द्यावीत."

"तुझ्या शेजारच्या सीटवर कोण बसणार? चिठ्ठ्या टाकणार का?"

धाकटीने दात आवळले. पुढची सूचना लग्नाची होती. अशी सूचना लागोपाठ तीन रविवार वाचतात, आणि कुणाला या लग्नात काही अडचण ठाऊक असेल तर फादरांना कळवा, असं तिच्याखाली लिहिलेलं असतं. तिने कागदाची घडी घातली.

"थांबलीस का? वाच ना."

"कशाला वाचू? तुम्हाला कळवायची भारी हौस."

बोलून गेली ती. अकरा वर्षं घशात अडकलेलं होतं ते. तिच्या लेकीचं नाव असंच दोन रविवार वाचलं गेलं होतं आणि तिसऱ्या रविवारी गाळलं गेलं. सगळं चर्च वळून त्यांच्या बाकाकडे बघत होतं. नवऱ्या मुलाचं आधी एक लग्न झालेलं होतं, बायको जिवंत होती, आणि ही बातमी फादरांच्या ऑफिसात थोरलीने पोहोचवली होती. महिन्याभरात लेकीने दूरच्या शहरात नोकरी धरली. गेली ती गेलीच. आता वर्षातून एखादा फोन, तोही तब्येतीपुरता.

"खोटं सांगितलं होतं का मी?"

"खरं होतं. पण घरी येऊन मला सांगितलं असतं तर चार भिंतींत मिटलं असतं. माझ्या पोरीची चारचौघांत शोभा झाली नसती. जाऊबाई, तुम्ही माझी लेक घालवलीत."

थोरलीने उशीवरून पाठ उचलली.

"आधी तुझ्याकडेच आले होते," ती म्हणाली. "शनिवारी दुपारी. तीनदा बेल दाबली. तू घरी नव्हतीस."

"नव्हतेच," धाकटी पटकन म्हणाली आणि मेणबत्ती पेटवायला वळली. काडी पहिल्या फटक्यात पेटली नाही. दुसरी मोडली, तिसरी पेटली.

मग तिने प्रार्थना म्हटली, भराभर. थोरली ओठ हलवत होती. धाकटीने डबी उघडली आणि भाकर वर धरली.

"ख्रिस्ताचं शरीर."

"आमेन. अर्धी दे. अख्खी उतरत नाही."

धाकटीने भाकर मोडली. त्या शांत खोलीत तेवढाही आवाज ऐकू आला. थोरलीने जीभ पुढे केली, डोळे मिटले, मानेच्या शिरा ताणून कष्टाने तो तुकडा गिळला. सुनेने ठेवलेलं पाणी स्वतःच उचलून प्यायली. मदत मागितली नाही, धाकटीनेही पुढे केली नाही.

उरलेला अर्धा तुकडा धाकटीच्या बोटांत होता. उरलेलं देणाऱ्याने तिथेच घ्यायचं, शिकवताना असंच सांगितलं होतं. चर्चमध्ये दर रविवारी ती रांगेत उभी राहून निमूट घ्यायची. दोनशे माणसांत तिच्याकडे कोण बघतंय? इथे समोर दोनच डोळे होते आणि ते तिच्या हातावरून हलत नव्हते.

"घे की," थोरली म्हणाली.

धाकटीचा हात तोंडाशी जाऊन परत खाली आला. एवढं मनात ठेवून हे घ्यायचं, आणि तेही हिच्यासमोर?

"मी घरात होते," ती म्हणाली. "वेदीवरच्या फुलांवरून आपलं वाजलं होतं त्या आठवड्यात. रागात होते. बेल ऐकली, तीनही वेळा. उघडलं नाही."

स्वयंपाकघरात कपबश्या वाजत होत्या.

"माझ्या पोरीलाही हे ठाऊक नाही," धाकटी म्हणाली.

"मला ठाऊक होतं," थोरली म्हणाली. "पडदा हलला होता."

धाकटीने तुकडा तोंडात ठेवला. तिच्या गळ्याला काहीही झालेलं नव्हतं, तरी तो उतरायला फार वेळ लागला.