पाचवीचे खण

बोरीकोटच्या नगरपालिकेत दवाखान्याच्या विरोधात एकही माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही उगाच कुणाला तरी राक्षस ठरवाल. नगराध्यक्ष विरुपाक्षअण्णा दवाखान्याच्या बाजूचे. त्यांच्या नावानं बोटं मोडणारे नागनाथराव, तेही दवाखान्याच्याच बाजूचे. सतराच्या सतरा मेंबर बाजूचे! आणि तरी पंच्याहत्तर सालच्या मार्चअखेरीस पालिकेच्या प्रसूतिगृहाला कुलूप लागायची वेळ आली होती. आता बोला.

झालं होतं असं की, नगराध्यक्ष लोकांनीच थेट निवडायचा, असा नवा कायदा आला. लोकांनी विरुपाक्षअण्णांना निवडलं, आणि त्याच लोकांनी मेंबर मात्र नागनाथरावांच्या गटाचे जास्त पाठवले. गाडीवान एकाचा, बैल दुसऱ्याचे. अण्णांना बाजारपेठेतला रस्ता हवा होता, नागनाथरावांना खालच्या पेठेत पाण्याची टाकी. अण्णा बजेट मांडायचे, नागनाथरावांचे नऊ जण त्यातला रस्ता खोडून टाकी घालायचे, की अण्णा लगेच "सभा तहकूब" म्हणून उठायचे. फेब्रुवारीत एकदा, मार्चात दोनदा हाच तमाशा. आणि सरकारचं पत्र तर स्पष्ट होतं. एकतीस मार्चच्या आत पालिकेचं बजेट पास झालं तरच प्रसूतिगृहाचं अनुदान चालू राहील. नाही झालं तर नर्सबाईंची बदली आणि खोल्यांना कुलूप.

हे पत्र हेडक्लार्क हरिदासनं मल्लव्वाला वाचून दाखवलं, तेव्हा ती प्रसूतिगृहाच्या पायरीवर चादरी पिळत होती. मल्लव्वा तिथली आया. वय पंचावन्नच्या पुढं, अंगावर इरकल लुगडं, कपाळावर विभूती आणि जिभेला हाड नाही.

"म्हंजे रस्ता आन् टाकीच्या भांडणात बायकांनी मरायचं, व्हय?" ती म्हणाली.

"असं कुणी म्हणत नाही गं," हरिदास म्हणाला. "दवाखान्याला सगळ्यांचाच पाठिंबा आहे."

"जळला मेला तुमचा पाठिंबा. त्यानं काय नाळ कापता येतीया का?"

मल्लव्वा उगीच तापली नव्हती. आया व्हायच्या आधी तीस वर्षं ती गावची सुईण होती. सासूच्या, म्हणजे बसव्वाच्या हाताखाली शिकली आणि सासू गेल्यावर अर्ध्या गावाला तिनंच या जगात आणलं. पण दोन वर्षांपूर्वी तिची स्वतःची लेक दाक्षायणी अडली. एक दिवस, एक रात्र मल्लव्वानं जे जे येत होतं ते ते केलं. मग छकड्यात घालून लेकीला सोलापूरच्या रस्त्याला लावली. अर्ध्या वाटेवर, एका बाभळीखाली, पोर जन्मलं ते न रडताच. मल्लव्वानं ते पदरात धरलं आणि पहिल्यांदा तिला तिच्याच हातांचा राग आला. पुढच्या वर्षी पालिकेनं प्रसूतिगृह उघडलं, सोलापूरहून शालनसिस्टर आल्या. त्यांनी तशाच एका अडलेल्या बाईला वेळेत ओळखून, सुई टोचून, बाटली लावून जीपनं पुढं पाठवलं आणि ती बाई आठवड्यानं लेकरू घेऊन हसत परत आली. मल्लव्वानं हे डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्याच दिवशी ती सिस्टरकडं गेली आणि म्हणाली, "मला झाडायला ठेवा, पुसायला ठेवा, पर हितं ठेवा."

आता दाक्षायणी पुन्हा पोटुशी होती. दिवस एप्रिलच्या मध्याला भरत होते. पायावर सूज होती आणि शालनसिस्टर दर दोन दिवसांनी तिच्या दंडाला पट्टा बांधून तोंड गंभीर करायच्या.

"माझ्या नजरेखाली असली तर काळजी नाही, मल्लव्वा," त्या म्हणाल्या. "पण एक तारखेला मी इथं नसेन, तर..."

पुढचं मल्लव्वाला सांगायची गरज नव्हती. तिला ती बाभळ दिसत होती.

त्या संध्याकाळी घरी येऊन तिनं खाटेखालची पत्र्याची ट्रंक ओढली. नवरा ईरप्पा मागावर बसला होता, तो तिथूनच ओरडला, "काय शोधतीस?"

"माझी अब्रू," मल्लव्वा म्हणाली.

ट्रंकेत चोळीचे खण होते. मूल जन्मलं की पाचव्या दिवशी सटवाईची पूजा होते, त्या दिवशी सुईणीला बोलावून खण-नारळ द्यायची रीत. नारळ खाल्ले जातात, पण एका बाईला जन्मात चोळ्या लागतात तरी किती? मल्लव्वानं पुष्कळसे खण शिवलेच नव्हते. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुठला खण कुणाच्या घरचा आणि कुठल्या पोराच्या पाचवीचा, हे ती काठ बघून सांगायची. हा हिरवा, मेंबर रुद्रप्पाच्या धाकट्याचा. हा जांभळा, पायाळू पोरीचा. बसून बसून तिनं सतरा खण वेगळे काढले, मेंबरांच्या घरचे, घरटी एकेक.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नागनाथरावांच्या वाड्यात गेली. त्यांची आई येसूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. मल्लव्वानं खण तिच्यापुढं ठेवला.

"काय गं हे?"

"तुमच्या नातवाच्या पाचवीचा खण. परत आणलाय."

येसूबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. बोरीकोटात कुणी कधी पाचवीचा खण परत केला नव्हता. खण परत येणं म्हणजे त्या लेकराची पाचवीच उलटी फिरवणं, असं बायका मानायच्या.

"डोकं फिरलं का तुजं? काय चुकलं आमचं?"

"तुमचं काय न्हाय चुकलं, येसूआक्का. खण घेतला तवा मी शबूद दिला हुता की या घरातली बाई अडली तर मी हाय. एक तारखेपास्नं मी न्हाय. सिस्टर चालल्या, दवाखान्याला कुलूप. माझ्या एकटीच्या हातांनी काय हुतं, ते मी माझ्या लेकीच्या पोरावर बघितलंय. जो शबूद पाळता येत न्हाय, त्याचा खण कशाला ठिवू? तुमची सून पुन्हा गरवार हाय न्हवं? दुसरी सुईण बघा."

"आगं, पर आमचा नागू तर म्हणतो, दवाखान्याला त्याचा पाठिंबा हाय..."

"पाठिंबा हाय की. तेवढा उशाला घेऊन बाळंत व्हायला सांगा सुनेला."

ती उठली आणि चालू पडली. येसूबाई खणाला हात लावीना. तो सबंध सकाळ ओसरीवर पडून होता आणि घरातली एकेक बाई येऊन त्याच्याकडं लांबूनच बघून जात होती.

दोन दिवसांत सतरा घरं झाली. काही ठिकाणी तिला शिव्या बसल्या. एका मेंबरानं खण तिच्या अंगावर भिरकावला, तर तिनं तो उचलून पुन्हा उंबऱ्यावर ठेवला आणि त्याच्या देखत नीट घडी घातली. "हात थरथरतोय तुजा," ती त्याला म्हणाली, "असाच तुज्या जल्माच्या येळी माजा थरथरला हुता." मेंबर आत निघून गेला. त्या घरात दोन दिवस त्याच्याशी कुणी धड बोललं नाही म्हणतात.

राहिलं एकच घर, नगराध्यक्षाचं. आणि तिथं मल्लव्वाचं घोडं अडलं.

विरुपाक्षअण्णांची तिन्ही मुलं सोलापुरात खाजगी डॉक्टरकडं जन्मली होती. ट्रंकेत त्या घरचा खण नव्हता. तरी ती गेली. अण्णा पानाला चुना लावत होते. सगळं त्यांच्या कानावर आलेलं होतंच.

"मल्लव्वा, बायकांना भेडवून राजकारण हुत न्हाय," ते हसून म्हणाले. "नागनाथला सांग टाकी सोड म्हणून. मी आजच बजेट पास करतो. आन् माझ्या घरचं तुज्याकडं काय हाय परत द्यायला?"

मल्लव्वा तशीच माघारी फिरली. घरी आली तेव्हा दाक्षायणी सुजलेले पाय वर ठेवून वाकळीवर पडली होती. मल्लव्वा तिच्या पायाशी बसली, आणि बसल्या बसल्या तिची नजर वाकळीच्या एका ठिगळावर गेली. उडालेला जांभळट रंग, काठाला रुईफुलाची नक्षी.

"उठ," ती लेकीला म्हणाली. "सुई दे."

ते ठिगळ तिची पहिली चोळी होती. लग्नात सासूनं दिलेली. आणि सासूला तो खण मिळाला होता विरुपाक्षच्या आईकडून. विरुपाक्षच्या वेळी ती तीन दिवस अडली होती. बसव्वानं पाणी नाही, अन्न नाही, तशीच उशाशी बसून तिसऱ्या दिवशी पोरगं ओढून काढलं, मायलेकरं वाचवली. पाचवीला द्यायला घरात नवा खण नव्हता, तेव्हा त्या बाईनं स्वतःच्या लग्नातला राखून ठेवलेला काढून दिला. सासूनं हे मल्लव्वाला शंभर वेळा सांगितलं होतं. चोळी विरली, ती वाकळीला लागली. मल्लव्वानं एकेक टाका उसवला. दाक्षायणी बघत राहिली.

"अव्वा, भोक पडलं की."

"पडू दे."

एकतीस तारखेला सकाळी अकराला सभा होती. सतराही मेंबर हजर, कारण त्यांना घरी बसू द्यायला घरातलं कुणी तयार नव्हतं. मागच्या बाकांवर लोकांनी बसायचं, तिथं एरवी दोन म्हातारे डुलक्या घेत. आज तिथं येसूबाई होती, रुद्रप्पाची आई होती, आणि मागं दारापर्यंत बायका. प्रत्येकीच्या मांडीवर खण.

अण्णांनी बजेट मांडलं. नागनाथराव उठले. "खालच्या पेठेतल्या टाकीची तरतूद करावी आणि रस्त्याचं कलम..."

"झालं सुरू!" अण्णा कडाडले. "हरिदास, लिहा, सभा तह..."

"थांबा, अण्णा."

मल्लव्वा पुढं आली. शिपाई आडवा झाला, पण तिच्या अंगाला हात लावायची त्याची छाती झाली नाही. त्यालाही तिनंच नाळ कापून जगात आणलं होतं. तिनं ठिगळ टेबलावर ठेवलं.

"तुमी इचारलं, तुमच्या घरचं माझ्याकडं काय हाय. ह्ये हाय. तुमच्या आईचा लग्नातला खण. तुमच्या पाचवीला माझ्या सासूला दिलेला. तीन दिस अडली हुती ती तुमच्यापायी. माझी सासू आता न्हाय, आन् उद्यापास्नं सिस्टरबी न्हाय. घ्या माघारी. आपला हिशोब मिटला."

अण्णांनी ठिगळ उचललं. आई जाऊन सात वर्षं झाली होती. ती गोष्ट त्यांना ठाऊक होती. लहानपणी हट्ट केला की आई म्हणायची, तीन दिवस रडवून आलास तू. त्यांनी काठावरून अंगठा फिरवला. रुईफुलाचा एक धागा सुटला होता, तो त्यांनी उगीचच आत सारला.

"हरिदास," ते शेवटी म्हणाले. "रस्ता खोडा."

"अण्णा?"

"खोडा म्हणलं ना! रस्ता न्हाय, बाकी बजेट हाय तसं. मताला टाका."

आता सगळ्यांच्या माना नागनाथरावांकडं वळल्या. नऊ मतं त्यांच्या हातात. टाकी आत घालायची याहून चांगली वेळ नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. त्यांनी तोंड उघडलं.

मागच्या बाकावरून येसूबाईचा आवाज आला. "नागू. सून घरी हाय."

बस, इतकंच. नागनाथरावांनी टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली. "टाकीचं... पावसाळ्यानंतर बघू," ते म्हणाले आणि हात वर केला. नऊच्या नऊ हात वर झाले. मग उरलेले आठ. बोरीकोटच्या पालिकेत एकमत झाल्याचं हरिदासनं पहिल्यांदाच लिहिलं आणि त्याला त्या शब्दाआधी क्षणभर थांबावं लागलं.

मल्लव्वा बाहेर पायरीवर येऊन बसली आणि ढसाढसा रडली. बायका तिच्याभोवती जमल्या, खण तिच्या ओटीत घालायला लागल्या. तिनं डोळे पुसले आणि सगळे ढकलून दिले.

"आपापल्या घरी ठिवा."

"आता कशापायी गं? झालं की पास!"

"ह्या सालचं झालं. बजेट दर सालाला येतंय. पुढच्या मार्चात पास झालं की मग द्या. त्याच्या पुढच्या मार्चातबी तसंच."

एप्रिलच्या अठराव्या दिवशी पहाटे दाक्षायणीला कळा सुरू झाल्या. शालनसिस्टर तिच्यापासून हलल्या नाहीत. प्रेशर वाढलं, सुई दिली, जीप दाराशी उभी करून ठेवली. ती लागली नाही. सकाळी आठच्या सुमाराला मुलगी झाली आणि अशी काही केकाटली की दाराशी उभ्या जीपपर्यंत ऐकू गेलं. बाभळीखालची ती शांतता दोन वर्षं मल्लव्वाच्या कानात बसली होती. ती आता गेली.

पाचवीला विरुपाक्षअण्णा बायकोला घेऊन आले. ताटात नवा खण, आणि शेजारी जुनं ठिगळ, धुऊन, इस्त्री करून. "घ्या, मल्लव्वा," त्यांची बायको म्हणाली. "वाकळीला पुन्हा लावून टाका. यांनी सांगितलंय."

मल्लव्वानं नातीच्या नावानं नवा खण घेतला. ठिगळ मात्र अण्णांपुढं सरकवलं.

"ह्ये तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. मार्चात बघू."

अण्णांनी मान खाली घातली, हसले, आणि ठिगळ खिशात ठेवलं.

ते गेल्यावर मल्लव्वा नातीला वाकळीत गुंडाळायला लागली. उसवलेल्या ठिगळाच्या भोकातून एक इवलंसं पाऊल बाहेर आलं. दाक्षायणी म्हणाली, "अव्वा, निदान दुसरं फडकं तरी लाव. पोरीला पहाटंचं गार लागंल."

मल्लव्वानं ते पाऊल तळहातात धरलं आणि ऊब येईपर्यंत धरून ठेवलं. भोक तिनं शिवलं नाही.